मुली, देवघर आणि आपण: गोव्यातल्या आयांना पडणारे नेहमीचे प्रश्न

फोंड्याच्या बाजूला राहून दोन मुली वाढवणाऱ्या घरातून हे लिहिते आहे. थोरली पाचवीत, धाकटी दुसरीत. शाळेच्या फाटकाशी, देवळाच्या चौकात, चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी नारळ खवताना बायका एकमेकींना जे प्रश्न विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतलेत. काही बाबांनीही विचारलेत, बहुतेक आवाज खाली करून. मी शास्त्री नाही. घर चालवता चालवता जे पटलं ते लिहिलं आहे. तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर असू दे.

कितव्या वर्षापासून मुलीला देवपूजेत घ्यावं?

चालायला लागली की. पूजा म्हणजे मंत्र असं धरून बसलात तर उशीर होईल. परसातली जास्वंद, तगर, अनंत तोडायचं काम तीन वर्षांच्या मुलीला जमतं. "देठासकट तोड, कळ्यांना हात लावू नको" एवढी सूचना पुरे. सहा-सात वर्षांची झाली की गंध उगाळायला द्या. सहाणेवर पाणी किती घ्यायचं हे सांगून कळत नाही, हातालाच कळावं लागतं. आमच्या धाकटीचं गंध इतकं पातळ व्हायचं की ते देवाच्या कपाळावरून थेट नाकावर उतरायचं. देवाने तक्रार केली नाही, सासूबाईंनी केली.

माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात लहान मुलींना आवर्जून न्या. चोडणहून आलेला हा देव आईबरोबर आहे, आणि आईजवळ उभा असलेला लहानगा कृष्ण मुलींना लगेच आपल्यातला वाटतो.

सकाळी बालरथ (शाळेची बस), दुपारी शिकवणी, संध्याकाळी डान्स क्लास. मग देवासाठी वेळ कुठला?

दिवेलागणीला एक दिवा, शुभंकरोति, तुळशीला नमस्कार. दोन मिनिटं लागतात. तेवढ्यापुरता टीव्ही बंद आणि मोठ्यांचेही मोबाईल खाली. मुलींना हात जोडायला सांगून आपण व्हॉट्सअॅप बघत बसलो तर त्या काय शिकतात ते सांगायला नको.

सोमवारी शिवराक (शाकाहारी) असतं आणि मुली नुस्त्यासाठी (मासळीसाठी) रडतात. "देव रागावेल" म्हणावं का?

अजिबात नको. ताटात बांगडा पडला म्हणून रागावणारा देव मुलींच्या डोक्यात घातलात तर पुढे तो काढणं जड जातं. "सोमवार मंगेशाचा, आपल्या घरी त्या दिवशी नुस्तं करत नाहीत," एवढं सरळ सांगा. घराचा नियम मुलांना कळतो. बूट दाराबाहेर काढायचे हाही नियमच, त्यासाठी कुणी देवाला रागवायला लावत नाही.

खरं दुखणं वेगळंच असतं. सोमवारचं जेवण आपण कंटाळून करतो. वरणभात, पापड आणि कालची लोणच्याची बरणी. मग मुलींना ती शिक्षा वाटली तर दोष कोणाचा? अळसांद्यांचं तोंडाक करा, मुगागाठी करा, उन्हाळ्यात ओल्या काजूबियांची भाजी करा. आमची थोरली खतखत्यासाठी (मिश्र भाज्यांच्या रश्शासाठी) सोमवारची वाट बघते, त्यात तिरफळ कोणाच्या वाटीत आलं यावरून दोघींचं भांडण होतं ते सोडा.

मैत्रिणीचा वाढदिवस सोमवारी आला आणि तिथे कटलेट खाल्लं तर घरी आल्यावर उलटतपासणी नको. सांगितलं तर "बरं" म्हणायचं. उलटतपासणी केलीत तर पुढच्या वेळी ती खाईलच, फक्त सांगणार नाही. श्रावणाचा मात्र पूर्ण महिना असतो, तेव्हा आधीपासून तयारी ठेवावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग, बंदी उठते न उठते तोच श्रावण दारात. घरातल्या पुरुषमंडळींची तोंडं मुलींपेक्षा जास्त उतरलेली असतात.

मुलगी पाद्रींच्या शाळेत जाते. तिथली प्रार्थना घरी म्हणून दाखवते. काळजी करावी का?

नको. गोव्यात हिंदू घरांतल्या कितीतरी पिढ्या अशा शाळांतून शिकून आल्या आणि घरी येऊन पालखीपुढे नाचल्या. शाळेत सगळे उभे राहतात तेव्हा तिनेही शांत उभं राहावं. म्हणावंसं वाटलं तर म्हणावं. ८ सप्टेंबरच्या सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताआधी, म्हणजे सणाआधी, नऊ दिवस मुलं चर्चमध्ये फुलं वाहायला जातात. आमच्या शेजारची मुलं निघाली की आमच्या दोघीही परसातली फुलं टोपलीत भरून देतात. चवथीच्या नेवऱ्यांचा डबा त्यांच्याकडे जातो, नाताळात तोच डबा दोदोल भरून परत येतो. डबा रिकामा परत करायचा नाही हे दोन्ही घरांत सारखंच.

पोर्तुगिजांनी देवळं मोडली हे लहान मुलींना कसं सांगायचं? आणि मग शेजाऱ्यांविषयी मनात काही बसलं तर?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण फोंड्यात राहून तो टाळताच येत नाही. मंगेशीला गेलात की मुलगी विचारतेच, "देव इथलाच का?" देव इथला नाही. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकात, १५६० च्या आसपासच्या काळात, दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं मोडली जात असताना लोकांनी देव उचलले आणि नदीपार आणले. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या हातात नव्हता, आदिलशाहीत होता. पोर्तुगिजांच्या ताब्यात तो आला थेट १७६३ मध्ये.

सहा वर्षांच्या मुलीला हे प्रवासाची गोष्ट म्हणून सांगा. रात्र, नदी, होडी, फडक्यात गुंडाळलेला देव, कुणी बोलायचं नाही. तिला त्यातली भीती कळते आणि धीरही कळतो. धाकटीने मला विचारलं होतं, "होडीत देवाला कुणी धरलं होतं?" त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण प्रश्न अगदी बरोबर जागी लागला.

नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मात्र कोणी आणि का, हे सांगायला हवं. राजसत्ता आणि धर्मसत्ता एकत्र आली होती. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चाललं. आणि त्याचा जाच बाटलेल्या लोकांनाच सर्वांत जास्त झाला. १७३६ चं फर्मान काढून बघा, नव्या ख्रिस्त्यांनी घरात तुळस ठेवू नये इथपर्यंत बारकाईने लिहिलं होतं. म्हणजे धर्म बदलून दोन शतकं होत आली तरी लोक तुळस लावत होते, म्हणून तर फर्मान काढावं लागलं. हा भाग थोरलीला सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा शेजारच्या ख्रिस्ती आवयच्या (आईच्या) बाजूने बोलली.

इथेच सांगायचं की मोडणारे वेगळे होते आणि शेजारचे वेगळे. एका गावातले काही देव घेऊन निघाले, काही जमीन धरून राहिले. राहिले त्यांची नावं बदलली. पटत नसेल तर फाल्गुनात कुंकळ्ळीच्या सत्र्यांना (छत्र्यांच्या उत्सवाला) मुलींना घेऊन जा. फातर्प्याहून देवीची मिरवणूक जुन्या जागी येते, बारा वांगडांच्या (घराण्यांच्या) बारा छत्र्या वर हलतात, गुलाल उडतो, आणि गांवकरी म्हणून ख्रिस्ती घराण्यांचाही त्यात मान असतो. हीच ती कुंकळ्ळी, जिने १५८३ मध्ये पाद्र्यांविरुद्ध हत्यार उचललं आणि मग आपले म्होरके गमावले. इतकं सगळं होऊनही छत्री दोघांची राहिली. मुलींना याहून जास्त समजावून सांगायची गरज मला तरी पडली नाही.

दोन्ही मुलीच. पुढे चवथ कोण करणार?

हा प्रश्न मुली जन्मल्याच्या बाराव्या दिवशी विचारला जातो, तोही पेढा खाता खाता. उत्तर: मुली करणार.

पण नुसतं तोंडाने म्हणून होत नाही. गोव्याची चवथ मूळ घरात होते. सगळे भाऊ, चुलते पणजीहून, मुंबईहून येतात, एका गणपतीपुढे अख्खं कूळ जेवतं. कामांची वाटणीही ठरलेली. गणपती आणायला पुरुष, माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला पुरुष, आरतीला घुमट, म्हणजे मातीचं चर्मवाद्य, पुरुषांच्या मांडीवर. बायका स्वयंपाकघरात, पातोळ्यांची पानं पुसत. लहान मुलगी हे बघते आणि आपली जागा कुठली ते मनात ठरवून टाकते. आठव्या वर्षी ठरलेली जागा तिसाव्या वर्षी हलवायची म्हणजे भांडणच. म्हणून आठव्या वर्षीच शिडी धरायला द्या.

माटोळीपासून सुरुवात करावी, कारण त्यात मुलींना खरोखर मजा येते. चवथीच्या आधीच्या दिवसांत फोंड्याच्या, म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान येतं. कांगलांचे घोस, घागऱ्यो, तोरिंग, नारळाची पेण, सुपारीचा कात्रो, चिबूड. नवऱ्याने पहिल्या वर्षी थोरलीला फक्त केवणीचा दोर भिजवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या वर्षी ती गाठी मारायला लागली. केवणीची साल ओली असताना गाठ नीट बसते, सुकली की आवळते आणि मग पाच किलोचा चिबूड लटकवला तरी सुटत नाही. आता कोणतं फळ कुठे टांगायचं यावर ती चुलत आजोबांशी वाद घालते. जड सामान कडेला, चौकट मध्ये वाकता कामा नये. आजोबा म्हणतात, "चेडूं खूप बोलतं." पण गाठी तिच्याच ठेवतात.

घुमटाचंही तेच. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. बायकांची घुमट-आरती पथकं आता ठिकठिकाणी दिसतात. मुलीला लहान घुमट आणून द्या आणि आरतीच्या वेळी दादाच्या शेजारी बसवा. पहिले दोन दिवस ठेका चुकेल. दादाचाही चुकायचा.

कायद्याचं म्हणाल तर गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि आईबापांना आपल्या इस्टेटीचा निम्मा भाग मृत्युपत्राने मुलांच्या हातून काढून दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे ज्या मूळ घरात गणपती बसतो, त्या घराच्या कागदावर तिचं नाव लागतं. मग त्याच घरातल्या गणपतीपुढे ती पाहुणी कशी? आता हक्क सोडायची सही घ्यायला माणसं येतात ती बहुतेक वेळा बहिणीकडेच येतात, हेही खरं. आणि देवळांचं महाजनपण, म्हणजे देवळाच्या कारभारातला वंशपरंपरागत हक्क, बघा. माजणीचा (महाजनांच्या संस्थेचा) नियम १९३३ चा, नोंद बापाकडून मुलाकडे चालते, कित्येक देवळांत मुलीचं नाव त्या वहीत नसतं. थोरलीने "माझं नाव कधी घालणार?" असं विचारलं तेव्हा तिच्या बाबाने खरं ते सांगितलं, "आज तरी घालत नाहीत, आणि हे मला बरोबर वाटत नाही." गुळमुळीत उत्तर देण्यापेक्षा हे बरं.

आमच्या भटजींनी गेल्या चवथीला तिला संकल्पाचं पाणी सोडायला बसवलं. कुणी काही बोललं नाही. एक काकी बोलल्या, पण त्या मोदक कमी पडले तरी बोलतात.

देवळात दिवजां असतात तेव्हा आजी मागे का उभी राहते, असं मुलगी विचारते. काय सांगू?

पाच वातींची दिवजां हातात घेऊन सुवासिनी देवळाभोवती फिरतात. पेटलेल्या ज्योतींची ती रांग बघून मुली हरखून जातात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आजी खांबापाशीच उभी आहे. त्यांचं लक्ष अशा गोष्टींकडे मोठ्यांपेक्षा लवकर जातं.

"आजोबा नाहीत म्हणून" एवढंच सांगून थांबू नका. त्यातून मुलीला कळतं ते असं की नवरा गेला की देवही थोडा लांब जातो. मी सांगितलं, ही रीत माणसांनी घातलेली आहे, देवीने नाही. देवीला आजी आणि मी सारख्याच. घरच्या हळदीकुंकवाला आम्ही मुलींच्या हाती करंडा देतो आणि वयाच्या क्रमाने जायला सांगतो, मग पहिलं कुंकू आपोआप आजीला लागतं. पहिल्यांदा सासूबाईंनी कपाळ मागे घेतलं. धाकटी तिथेच बोट पुढे धरून उभी राहिली, कुंकू जमिनीवर सांडलं तरी हलेना. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि लावून घेतलं.

तरी देवळात दिवज हातात घ्यायला त्यांना कधी आग्रह केला नाही. चाळीस वर्षं एका रीतीत राहिलेल्या बाईला आपल्या तत्त्वासाठी चारचौघांत उभं करणं हाही एक जुलूमच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी थोरलीने त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं केलं." आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या.

पाळी येण्याआधी किती सांगावं? आणि "त्या चार दिवसांत" देवघराचं काय?

हल्ली नऊ-दहा वर्षांच्या मुलींनाही पाळी येते, त्यामुळे चौथीच्या सुट्टीत सांगून टाका. शरीराचं आधी सांगा, देवाचं नंतर. उलट क्रमाने सांगितलंत तर पहिल्याच दिवशी तिला वाटतं आपल्याकडून काहीतरी वाईट झालं.

आमच्या घरी बाजूला बसवत नाहीत. देवाला दिवा लावायचा असेल तर लावायचा, नसेल लावायचा तर नाही. बरं वाटत नसेल तर झोपायचं आणि पेज खायची. आसामात कामाख्येला अंबुबाचीला देवीचीच पाळी मानतात आणि त्या दिवसांत देऊळ बंद असतं, नंतर लोक दर्शनाला लोटतात. आपल्याकडची सातेरी तर वारुळाच्या रूपात पुजली जाते, मातीच्याच पोटातून वर आलेली. ज्या देवीला आपण माती म्हणून पुजतो तिला मुलीच्या रक्ताचा विटाळ होतो हे मला कधी पटलं नाही.

अडचण मूळ घरी होते. चवथीच्या दिवसांत पाळी आली आणि थोरल्या जाऊबाई सोवळ्याच्या, मग? आमचा नियम असा: सांगायचं की नाही हे जिची पाळी तिने ठरवायचं. आईने तिच्या वतीने अख्ख्या घरात दवंडी पिटायची नाही. ती म्हणाली तर तिच्याबरोबर माडीवर बसून पत्ते खेळायचे, आणि नाही म्हणाली तर गप्प राहून आरतीला उभं राहायचं. काही वाचणाऱ्यांना हे खोटेपणाचं वाटेल. वाटू दे.

नरकासुराच्या रात्री मुलींना न्यावं का?

संध्याकाळी न्या. चौकाचौकांत उभे असलेले पुतळे उजेडात बघू द्या, कागदाचे दात मोजू द्या. दहाच्या आत घरी. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावायचा नाही असा नियम आहे, पण त्या रात्री तो कुठे दिसत नाही आणि लहान मुलांच्या छातीत ते ढोलकं धडधडत राहतं.

आमच्याकडे खरी दिवाळी पहाटेची. अंघोळीआधी तुळशीपुढे अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा, मग फोव (पोहे). दुधातले, ताकातले, रोसातले, फोडणीचे. आणि कृष्णाबरोबर सत्यभामाही युद्धाला गेली होती हे मुलींना सांगायला विसरू नका. पुतळा जाळणाऱ्या पोरांना ते बहुतेक ठाऊक नसतं.

जत्रेची गर्दी झेपत नाही, पण मुलींनी बघावं असंही वाटतं.

मुख्य रात्री लहानांना नेऊ नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली. नंतरच्या दिवसांत जा, सकाळी जा. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा, हरवल्यावर कुठे थांबायचं ती जागा आधी दाखवून ठेवा.

देवीची गोष्ट मात्र घरीच सांगता येते, आणि मुलींना ती फार आवडते. लईराई, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई, मयेची महामाया अशा बहिणी-बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीही त्यांच्यातलीच एक. सायबिणीच्या फेस्ताला लईराईकडून तेल जातं, आणि तिकडून लईराईला मोगरीची फुलं येतात. लहान बहिणी असलेल्या घरात हे सांगितलं की लगेच "मी लईराई, तू केळबाई" सुरू होतं. आमच्याकडे मोरजाई व्हायला कुणी तयार नसतं, का ते देवच जाणे.

घरी कोंकणी, शाळेत इंग्रजी आणि आरत्या मराठी. मुलींचा गोंधळ नाही होत?

होत नाही. गोव्यात देवाशी मराठीतून बोलायची रीत कितीतरी जुनी आहे. भजन, कीर्तन, जत्रेतलं नाटक सगळं मराठी. पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी तर १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्ताची कथासुद्धा मराठी ओव्यांत छापली. फक्त आरती पाठ करून घेऊ नका, पुस्तक हातात द्या. ऐकून पाठ केलेल्या आरतीत मुलं काय काय म्हणतात ते एकदा जवळ जाऊन ऐका. "संकटी पावावे" च्या जागी आमच्याकडे वर्षभर "शंकर पावावे" चाललं होतं, आणि अर्थाने फारसं बिघडतही नव्हतं.

नवरा देव मानत नाही. मुलींपुढे दोन तोंडं होतात.

दोन तोंडं होऊ देत, पण एकमेकांवर नकोत. "बाबा नमस्कार करत नाहीत, पण देवळात आपल्याबरोबर येतात, चपला सांभाळतात." मुलींना एवढं पुरतं. "देव खरंच आहे का?" असं विचारलं तर मला वाटतं ते मी सांगते, त्याला वाटतं ते तो सांगतो, आणि त्यांना काय वाटतं ते विचारतो. धाकटीचं म्हणणं, देव आहे पण तो परीक्षेच्या दिवशी नसतो.

ढालोच्या (बायकांच्या नाच-गाण्याच्या) रात्री मुलींना मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या अंगणात, न्यावं का? दुसऱ्या दिवशी शाळा असते.

न्याच. पौषातल्या थंडीत, शेणाने सारवलेल्या मांडावर बायका समोरासमोर दोन रांगा करून, कमरेत हात गुंफून वाकत गातात. पुरुषांना तिथे जागा नाही. मुलींच्या आयुष्यात अशा जागा फार थोड्या असतात जिथे आजी, आई, शेजारीण, कामाची बाई सगळ्या एका रांगेत असतात आणि कुणीही चहा मागत नाही. शेवटच्या रात्री सोंगं असतात, कुणाच्या अंगात रंभा येते. लहान मुली घाबरतात. तेव्हा जवळ घ्या, डोळे झाकू नका. "तिला थोड्या वेळाने बरं वाटेल" म्हणा. शाळा एक दिवस बुडाली तर चिठ्ठीत खरं कारण लिहा. आमच्या बाई स्वतःच रांगेत होत्या.

घरचे म्हणतात, मुलग्यासाठी देवाला कौल लावू या.

मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. गोव्यात घर बांधण्यापासून लग्नापर्यंत लोक कौल घेतात, त्याला माझी ना नाही. पण हा कौल मुली समोर उभ्या असताना मागितला जातो, आणि त्या ऐकतात. आपल्या असण्याने काम भागलं नाही म्हणून देवाकडे आलोय, हे पाच वर्षांच्या मुलीलाही समजतं. मी सासरी सांगितलं, नवस करायचाच तर मुलींच्या नावाने करा. सासूबाईंनी थोरलीच्या तापात शांतादुर्गेला साडी बोलली आणि फेडली. नंतर तिसऱ्याचा विषय निघाला नाही. निघतो, पण माझ्यासमोर नाही.

नवरात्रात मखर बघायला नेलं की मुली कीर्तनातच झोपतात. उठवावं का?

कीर्तन चालू असताना नको. बुवांना सवय असते, अर्धं मंडप झोपलेलं असतं. मखर हलवायला घेतात, घंटा वाजायला लागतात, तेव्हा उठवा. नाही उठवलंत तर सकाळी भांडण तुमच्याशी होणार आणि दुसऱ्या रात्री पुन्हा यावं लागणार. चादर एक जास्त न्या, देवळाची फरशी गार असते. आणि चपला घालून झोपवू नका, काढायला विसरलात तर उचलून आत नेताना पुजारी बोलतात.